यीस्ट आढळले, पण कोणते?

'रक्ताच्या कल्चरमध्ये यीस्ट आढळले' एवढ्या एका ओळीवर रिपोर्ट संपवण्याचे दिवस आता मागे पडले आहेत. (कल्चर म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहणे, आणि यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी.) कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राचे काम करताना ही ओळ मला बाहेरून आलेल्या कागदांवर अजूनही अधूनमधून दिसते, आणि दर वेळी ती वाचून मन अस्वस्थ होते. कारण त्या ओळीवर उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या हाती खरे तर काहीच पडलेले नसते. ते यीस्ट कँडिडा अल्बिकन्स असेल, तर फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध बहुतेक वेळा लागू पडते. कँडिडाचीच दुसरी जात क्रुसेई असेल, तर ते औषध मुळातच निरुपयोगी असते. ग्लॅब्राटा असेल, तर डोस वाढवावा लागतो किंवा औषधच बदलावे लागते. पॅराप्सिलोसिस असेल, तर रुग्णाच्या सेंट्रल लाइनकडे, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीकडे, आधी पाहावे लागते. आणि ऑरिस असेल, तर प्रश्न एका रुग्णापुरता उरतच नाही, शेजारचा पलंग, सलाइनचा स्टँड आणि कर्मचाऱ्यांचे हात हे सगळेच तपासाच्या कक्षेत येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली रोगकारक बुरशींची पहिली प्राधान्ययादी प्रसिद्ध केली, तेव्हा अल्बिकन्स, ऑरिस आणि क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स ही तीन यीस्ट तिच्या सर्वांत गंभीर गटात होती. म्हणजे नाव कळणे ही शास्त्रीय हौस नाही, तो उपचाराचाच भाग आहे.

हे नाव शोधण्याच्या पद्धती अनेक आहेत, आणि त्यांची तुलना करणारे शोधनिबंध मी वर्षानुवर्षे वाचत आले आहे. त्यांत बहुतेक वेळा तीन गोष्टी मोजलेल्या असतात: पद्धत किती टक्के अचूक आहे, तिला किती तास लागतात आणि तिला किती खर्च येतो. तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. तरीही प्रत्यक्ष काम करताना मला एक चौथी कसोटी जास्त मोलाची वाटत आली आहे: पद्धत चुकते तेव्हा ती कशी चुकते? जिला उत्तर माहीत नाही ती पद्धत तसे सांगते, की एक भलतेच नाव ठामपणे छापून मोकळी होते? पहिल्या प्रकारच्या चुकीने रुग्णाचा एखादा दिवस जातो. दुसऱ्या प्रकारच्या चुकीने त्याला आठवडाभर चुकीचे औषध मिळू शकते, आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

कामाची सुरुवात मात्र सगळीकडे सारखीच होते. कल्चरच्या बाटलीने इशारा दिला की ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून पाहण्याची चाचणी) होतो, आणि स्लाइडवर जांभळ्या, लंबगोल, अंकुर फुटलेल्या पेशी दिसल्या की आधी फोन केला जातो, कागद नंतर जातो. रक्तात यीस्ट दिसणे हे 'दूषित नमुना' म्हणून सोडून देण्याचे कारण कधीच नसते. या क्षणी नाव कळत नाही, पण बुरशीविरोधी औषध सुरू करण्याइतकी माहिती डॉक्टरांना मिळते, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रक्रियेतला सर्वांत मौल्यवान फोन हाच असतो.

त्यानंतरची जुनी आणि जवळजवळ फुकट चाचणी म्हणजे जर्म ट्यूब. सुमारे अर्धा मिलिलिटर सीरममध्ये कॉलनीचा (प्लेटवर वाढलेल्या यीस्टच्या ठिपक्याचा) अगदी हलका अंश मिसळायचा, नळी ३७ अंश सेल्सिअसला दोन ते तीन तास ठेवायची आणि एक थेंब स्लाइडवर घेऊन चाळीसच्या लेन्सखाली पाहायचा. अल्बिकन्स असेल तर पेशीतून एक सरळ, समांतर कडांची नळी निघालेली दिसते, आणि ती पेशीतून जिथे बाहेर पडते तिथे ती आवळलेली नसते. या शेवटच्या बारकाव्यातच सगळी मेख आहे. ट्रॉपिकॅलिसच्या पेशीसुद्धा लांबुळक्या होऊन फसवतात, पण त्यांच्या मुळाशी स्पष्ट आवळण असते. घाईत, मंद प्रकाशात किंवा तीन तास उलटून गेल्यावर पाहिले, तर हा फरक हातातून निसटतो. कॉलनीचा अंश जास्त पडला तरी नळ्या नीट निघत नाहीत. नवीन विद्यार्थ्यांना 'थोडेच घ्या' हे मी जितक्या वेळा सांगते तितके दुसरे काही सांगत नसेन. १९९५ साली डब्लिन येथील संशोधकांनी डब्लिनिएन्सिस ही अल्बिकन्सची जवळची बहीण वेगळी काढली, आणि तीही जर्म ट्यूब देते, त्यामुळे ही चाचणी पूर्वीइतकी निर्विवाद राहिली नाही. अल्बिकन्सचे काही प्रकार नळी देतही नाहीत. पण चाचणी नकारात्मक आली म्हणजे ती दुसरे कोणतेही नाव सुचवत नाही. पुढे तपासा एवढेच सांगते. तिचा हा संयम मला आवडतो.

रंगीत माध्यमांनी (माध्यम म्हणजे जंतू वाढवायचा पोषक थर), म्हणजे क्रोमअगारने, छोट्या प्रयोगशाळांचे काम किती सोपे केले हे ज्यांनी त्याआधीची पांढऱ्या कॉलन्यांनी भरलेली सॅब्युरो अगार या साध्या माध्यमाची प्लेट पाहिली आहे त्यांनाच पुरते उमगेल. माध्यमातल्या रंगहीन पदार्थांवर प्रत्येक यीस्टची वेगळी विकरे (एन्झाइम्स) काम करतात आणि रंग मोकळा होतो: अल्बिकन्स हिरवी, ट्रॉपिकॅलिस धातूसारखी झाक असलेली निळी, क्रुसेई गुलाबी, कोरडी आणि पसरट. सकाळी इन्क्युबेटर उघडून आमचा टेक्निशियन "मॅडम, सांगलीच्या पेशंटची निळी आलीया बघा" असे म्हणतो, तेव्हा त्या एका वाक्यात बरेच काही कळलेले असते. निळी येणे आमच्याकडे नवलाचे नाही. देशातल्या २७ अतिदक्षता विभागांचा जो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यातही रक्तातल्या कँडिडांमध्ये ट्रॉपिकॅलिसच पहिल्या क्रमांकावर होती. क्रोमअगारचा आणखी एक गुण असा की एकाच नमुन्यात दोन यीस्ट मिसळलेली असतील, तर ती इथे डोळ्यांना वेगळी दिसतात. बाकीच्या बहुतेक पद्धती मिश्र कॉलनीपुढे गोंधळतात. तिची मर्यादा फिकट रंगांत आहे. पांढरट ते जांभळट या पट्ट्यात ग्लॅब्राटा, पॅराप्सिलोसिस, ऑरिस आणि इतर बरीच मंडळी दाटीवाटीने बसतात, आणि तिथे रंगावरून नाव लिहिणे मला कधीच पटलेले नाही. नव्या सुधारित माध्यमावर ऑरिसभोवती निळसर वलय येते खरे, पण तोही संशयाचा आधार आहे, निकाल नव्हे.

ज्या पद्धतीविषयी मला मनापासून लिहायचे आहे ती मात्र या सगळ्यांत मागास समजली जाते: मक्याच्या पिठाचे, म्हणजे कॉर्नमील अगार. त्यात ट्वीन-८० हे साबणासारखे द्रव्य घातलेले असते. प्लेटवर यीस्टची बारीक रेघ ओढायची, तिच्यावर निर्जंतुक कव्हरस्लिप ठेवायची, २५ अंशांना दोन-तीन दिवस वाट पाहायची आणि मग प्लेटच मायक्रोस्कोपखाली धरून कव्हरस्लिपच्या कडेपासून आत पाहत जायचे. माध्यम जाणूनबुजून निकृष्ट ठेवलेले असते. पोषण कमी पडले की यीस्ट पसरू लागते, फांद्या काढू लागते, आणि तिची खरी ठेवण उघड होते. अल्बिकन्समध्ये धाग्यांच्या सांध्यांवर गोल पेशींचे दाट घोस दिसतात आणि टोकांना जाड भिंतीचे, मोठे, चमकणारे क्लॅमिडोस्पोर. ट्रॉपिकॅलिसमध्ये लांब धागे असतात, पण पेशी विरळ, एकेकट्या. क्रुसेईच्या लांबट पेशी काड्यापेटीतून सांडलेल्या काड्यांप्रमाणे एकमेकींवर आडव्यातिडव्या पडलेल्या असतात. पॅराप्सिलोसिसचे धागे आखूड आणि वाकडे, मध्येच एखादी अवाढव्य पेशी. ग्लॅब्राटामध्ये धागा नावालाही नाही, नुसत्या बारीक पेशींची गर्दी. हे पाहायला शिकवणारा माणूस शेजारी बसावा लागतो आणि नजर तयार व्हायला महिने जातात. म्हणूनच अनेक प्रयोगशाळांतून ही प्लेट हळूहळू नाहीशी झाली. ते नुकसान किती मोठे आहे हे ऑरिसने दाखवून दिले; त्याकडे मी येतेच.

त्याआधी एक शब्द कारळ्यांविषयी, कारण कोल्हापूरकरांना त्याचा आनंद होईल. जेवणात चटणीला लागणारी ही बी क्रिप्टोकॉकस ओळखण्याच्या माध्यमाचा मुख्य घटक आहे. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणलेली कारळी, लिटरमागे सुमारे ५० ग्रॅम, दळून पाण्यात उकळायची, गाळायची आणि त्या अर्कात अगार व इतर क्षार मिसळून प्लेट ओतायच्या. त्या दिवशी माध्यमाच्या खोलीत स्वयंपाकघराचा वास दरवळतो. कारळ्यातल्या कॅफिक आम्लापासून क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स आपल्या विकराच्या साहाय्याने मेलॅनिन तयार करतो, आणि काही दिवसांत त्याच्या कॉलन्या गडद तपकिरी होतात. शेजारची कँडिडा पांढरीच राहते. क्रिप्टोकॉकसमुळे होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या दाहात निदानाला इतके दिवस थांबता येत नाही, हे उघड आहे. तिथे पाठीच्या कण्यातले पाणी इंडिया इंक या काळ्या शाईत मिसळून पेशीभोवतीचे स्वच्छ कवच शोधतात, आणि आता त्याहून कितीतरी संवेदनशील असलेली, क्रिप्टोकॉकसच्या कवचाचा अंश शोधणारी प्रतिजन-पट्टी काही मिनिटांत उत्तर देते. जंतूंची संख्या कमी असताना इंडिया इंकला जे दिसत नाही ते पट्टीला सापडते, त्यामुळे निदानासाठी पट्टीच हवी याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कारळ्याची प्लेट मी राखून ठेवली आहे ती वाढलेल्या यीस्टची ओळख पक्की करण्यासाठी.

आता साखरांकडे वळू. कोणते यीस्ट कोणती साखर खाते आणि कोणती आंबवते, यावरून ओळख पटवण्याची परंपरा फार जुनी आहे. त्याच कल्पनेचे पुढचे रूप म्हणजे एपीआय २० सी ऑक्सची पट्टी, जी दोन ते तीन दिवसांत १९ पदार्थांवरची वाढ तपासते, आणि व्हायटेक २ या स्वयंचलित यंत्राचे कार्ड, जे ४६ जैवरासायनिक चाचण्या करून सुमारे १८ तासांत नाव छापते. नेहमीच्या यीस्टसाठी दोन्ही उत्तम आहेत, आणि व्हायटेकने आमच्यासारख्या शहरांतल्या रुग्णालयांना जे बळ दिले ते मी कमी लेखणार नाही. पण या दोन्ही पद्धती मिळालेली आकृती आपल्या साठ्यातल्या आकृत्यांशी ताडून पाहतात, आणि साठ्यात जे नाव नाही ते त्यांना कधीच सांगता येत नाही. त्या वेळी त्या गप्प बसल्या तर बरे. पण बहुतेकदा त्या सर्वांत जवळचे नाव देतात.

ऑरिसची सगळी कथा या एका दोषातून उलगडते. जपानमधल्या एका वृद्ध रुग्णाच्या कानातून वेगळे काढलेले हे यीस्ट २००९ साली शास्त्रीय साहित्यात नोंदले गेले. त्यानंतर दक्षिण कोरियातल्या जुन्या साठवणीत १९९६ चा एक नमुना सापडला, म्हणजे ते त्याआधीपासून रुग्णांच्या रक्तात होते आणि दुसऱ्याच नावाने ओळखले जात होते. भारतात दिल्लीच्या संशोधकांनी २०१३ साली त्याचे रुग्ण नोंदवले. दरम्यान जगभर व्हायटेकच्या जुन्या आवृत्त्या त्याला हिमुलोनी म्हणत होत्या, एपीआयची पट्टी ऱ्होडोटोरुला ग्लुटिनिस किंवा साके म्हणत होती, आणि आणखी एक यंत्र फॅमाटा किंवा चक्क पॅराप्सिलोसिस म्हणत होते. नाव छापील, बऱ्याचदा टक्केवारीसह. त्यावर शंका घ्यायला वाचणाऱ्यापाशी कारण नव्हते.

शंका घ्यायला जागा मात्र होती, आणि ती जुन्या पद्धतींनी दिली असती. ऱ्होडोटोरुलाची कॉलनी नारिंगी-लालसर असते. पट्टीने ते नाव दिले आणि प्लेटवर कॉलनी पांढरट आहे, तर दोघांपैकी एकाचे चुकते आहे हे डोळ्यांना दिसते. पॅराप्सिलोसिस कॉर्नमीलवर धागे काढते. यंत्राने ते नाव दिले आणि कव्हरस्लिपखाली नुसत्याच लंबगोल पेशी दिसल्या, तर थांबायला हवे. हिमुलोनी ४२ अंशांना वाढत नाही, ऑरिस वाढते. त्यासाठी एक इन्क्युबेटर आणि एक रात्र-दोन रात्रींचा धीर एवढेच लागते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१६ साली आणि आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०१७ साली ऑरिसविषयी प्रयोगशाळांना सावध केले. यंत्राचे नाव प्लेटशी ताडून पाहण्याची सवय जिथे शाबूत होती तिथे हे काम सोपे गेले, आणि जिथे कॉर्नमीलची प्लेट अडगळीत गेली होती तिथे ती पुन्हा शोधावी लागली, असे मला वाटते.

मॅल्डी-टॉफ हे प्रथिनांवरून यीस्ट ओळखणारे यंत्र आल्यावर चित्र पालटले, यात वाद नाही. कॉलनीचा ठिपका धातूच्या पट्टीवर लावायचा, यीस्टची भिंत जाड असल्यामुळे त्यावर फॉर्मिक आम्लाचा थेंब टाकायचा, मॅट्रिक्सचे द्रावण घालून वाळू द्यायचे आणि लेसरचा मारा करायचा. उडालेल्या प्रथिनांचा, मुख्यतः रायबोसोमच्या प्रथिनांचा, उड्डाणकाळ मोजून काही मिनिटांत नाव मिळते. एपीआयच्या पट्टीला दोन-तीन दिवस लागतात तिथे हे यंत्र चहा गार होण्याआधी उत्तर देते, आणि एका नमुन्याचा साहित्यखर्चही नगण्य असतो. खर्च आहे तो यंत्राचा, आणि तो जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रयोगशाळेला पेलणारा नाही. माझ्या कसोटीवर मॅल्डीचा विशेष गुण हा की ती आपल्या उत्तरासोबत एक गुणांक देते, आणि तो कमी असेल तर 'खात्रीशीर ओळख नाही' असे स्पष्ट म्हणते. ऑरिसची नोंद साठ्यात नव्हती त्या काळातही ती पुष्कळदा गप्प राहिली, आणि ते गप्प राहणेच उपयोगी ठरले. साठा अद्ययावत ठेवला, की ती आज नित्याच्या कामासाठी सर्वांत भरवशाची पद्धत आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

अंतिम निवाडा डीएनएचा. रायबोसोमच्या जनुकांमधला आयटीएस हा भाग किंवा मोठ्या उपएककाचा डी१/डी२ भाग वाचला, की बहुतेक यीस्ट निश्चित ओळखता येतात. त्याच आयटीएसचा एक स्वस्त वापर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत मी आवर्जून करून घेते: पीसीआरने त्या भागाच्या असंख्य प्रती काढायच्या, एमएसपी-१ या विकराने कापायचा आणि जेलवर तुकडे पाहायचे. अल्बिकन्सचा ५३५ अक्षरजोड्यांचा तुकडा २९७ आणि २३८ असा फुटतो, ट्रॉपिकॅलिसचा ५२४ चा ३४० आणि १८४ असा, आणि पॅराप्सिलोसिसचा ५२० चा तुकडा कापलाच जात नाही, कारण त्यात ते विकर शोधते ती सी-सी-जी-जी ही अक्षरे सलग येतच नाहीत. क्रुसेईचे तुकडे २६१ आणि २४९ असे इतके जवळचे असतात की साध्या जेलवर एकच पट्टा दिसतो. अतिनील प्रकाशात हे पट्टे उमटताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. पण ही पद्धतही अल्बिकन्स आणि डब्लिनिएन्सिस यांत भेद करू शकत नाही, आणि पूर्ण वाचन केले तरी जगाच्या सार्वजनिक साठ्यात चुकीच्या नावाने ठेवलेल्या नोंदी आहेत, याचे भान ठेवावे लागते.

शिवाय वाचनासाठी नमुना बहुधा पुण्याकडे पाठवावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहराचा बाहेरच्या जगाशी संबंध काही दिवस तुटला. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच घडले. कुरिअर बंद, वीज येऊनजाऊन, आणि रुग्ण मात्र होते तिथेच. अशा दिवसांत सीरमची नळी, क्रोमअगारची प्लेट, कॉर्नमील आणि मायक्रोस्कोप एवढ्यावर काम चालते, आणि समाधानकारक चालते. मोठी यंत्रे नकोत असे मी म्हणत नाही. ती इथे यावीत यासाठी मी स्वतः अर्ज लिहिले आहेत. पण ती आली म्हणून या प्लेटा काढून टाकू नयेत, हे मी प्रत्येक बैठकीत आग्रहाने सांगते.

आता आमच्या रिपोर्टवर नावाच्या खाली ते कोणत्या पद्धतीने ठरले तेही लिहिलेले असते, आणि पद्धतींमध्ये मतभेद असेल तर तो लपवलेला नसतो. नवे वर्गीकरण आल्यापासून ग्लॅब्राटाला नाकासेओमायसिस ग्लॅब्राटस आणि क्रुसेईला पिचिया कुद्रियावझेवी म्हणतात. आम्ही दोन्ही नावे छापतो, कारण डॉक्टरांना औषधाची सांगड जुन्या नावाशी घालायची सवय आहे. गडहिंग्लजहून एका डॉक्टरांनी मध्यंतरी फोन करून विचारले, "मॅडम, कार्ड हिमुलोनी म्हणतंय आणि तुम्ही खाली 'ओळख अनिश्चित, ४२ अंशांना वाढ आहे' असं लिहिलंय, मग मी काय धरून चालू?" मी त्यांना सांगितले की ऑरिस धरूनच चाला: रुग्णाला वेगळ्या खोलीत हलवा, एकायनोकँडिन (बुरशीविरोधी औषध) सुरू ठेवा, सेंट्रल लाइन काढता येते का ते पाहा, औषध-संवेदनशीलतेची चाचणी लावली आहे, आणि कॉलनी मॅल्डीसाठी आजच रवाना होते आहे.